कॅलरी मोजायला किती पडतात?

दिवाळीचा फराळ संपला की आणि नवीन वर्ष लागलं की मोबाइलवर वजन कमी करून देणाऱ्यांच्या जाहिराती अचानक वाढतात. ताटाचा फोटो काढा, कॅलरी आम्ही मोजतो. तीन महिन्यांचे पाच हजार, सहा महिन्यांचे आठ, आणि वर्षाचं एकदम घेतलंत तर 'फक्त आजच्या दिवस' अकरा. शेजारी एक घड्याळ उलटं पळत असतं. पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत. कॅलरी मोजून वजन खरंच उतरतं का? आणि उतरत असेल तर त्यासाठी किती खर्च करण्यात अर्थ आहे?

पहिल्याचं उत्तर हो, पण जाहिरातीत दाखवतात तेवढं नाही. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक घरांसाठी पाचशे ते हजार रुपये एवढंच आहे, तेही एकदाच.

मोजल्याने काय होतं

अन्नातल्या कॅलरी काढायची रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्बर ॲटवॉटर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने बसवली. एक ग्रॅम प्रथिनाला ४, एक ग्रॅम पिष्टमय पदार्थाला ४ आणि एक ग्रॅम तेल-तुपाला ९ कॅलरी. बिस्किटाच्या पुड्यावरचा आकडा आजही साधारण याच गुणाकारातून येतो. तो सरासरीचा आकडा आहे, तुमच्या पोटात खरोखर काय जिरलं त्याचा नव्हे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये बदामांवर हेच तपासलं. मूठभर, म्हणजे २८ ग्रॅम बदामांच्या हिशेबाने १७० कॅलरी व्हायला हव्यात. अंगी लागल्या १२९. बाकीच्या न पचता बाहेर पडल्या.

म्हणजे आकडा कच्चा आहे. तरी मोजणाऱ्यांचं वजन उतरतं, त्याचं कारण आकड्यापेक्षा लक्ष देण्यात आहे. तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट लिहायची ठरली की येता-जाता तोंडात टाकलेले शेंगदाणे, मुलाच्या ताटातला उरलेला घास, ऑफिसातल्या कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, सगळं हिशेबात येतं. २००८ मध्ये अमेरिकेत सुमारे १,७०० लोकांवर झालेल्या अभ्यासात रोज खाण्याची नोंद ठेवणाऱ्यांचं वजन मुळीच नोंद न ठेवणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट उतरलं होतं. आणि नोंद न ठेवता आपण किती खातो हे माणसाला कळतच नाही. 'मी काहीच खात नाही, तरी वजन हलत नाही' म्हणणाऱ्या लठ्ठ व्यक्तींना १९९२ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात तपासलं, तेव्हा त्या खऱ्या खाण्याच्या सरासरी ४७ टक्के कमी सांगत होत्या आणि हालचाल ५१ टक्के वाढवून. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना तसंच वाटत होतं.

आता दुसरी बाजू. 'कॅलरी' याच नावाच्या अमेरिकी प्रयोगात लोकांना दोन वर्षं २५ टक्के कमी खायला सांगितलं होतं. हाताशी आहारतज्ज्ञ होते, समुपदेशक होते. एवढं असूनही प्रत्यक्षात खाणं कमी झालं ते सुमारे १२ टक्के. वजन मात्र तेवढ्यावरही सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास उतरलं. ठरवल्याच्या निम्मं जमेल असं आधीच धरून चाललं तर निराशा होत नाही.

मोजल्याशिवाय वजन उतरतच नाही, असंही नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१८ मधल्या प्रयोगात ६०९ जणांना दोन गटांत विभागलं होतं. एका गटाने चरबी कमी खायची, दुसऱ्याने पिष्टमय पदार्थ. कॅलरी मोजायला कुणालाच सांगितलं नव्हतं. साखर-मैदा टाळा, भाज्या भरपूर खा, घरचं ताजं खा, एवढंच. वर्षभरात दोन्ही गटांचं वजन सरासरी पाच-सहा किलोंनी घटलं, आणि दोन्हींत म्हणण्यासारखा फरक नव्हता. आपल्याकडच्या 'दीक्षित की दिवेकर' या वादात भाग घेतलेल्या प्रत्येकाने हा निकाल वाचावा. डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच जेवा म्हणतात, ऋजुता दिवेकर थोडं थोडं पण घरचं खा म्हणतात, आणि दोघांचेही अनुयायी एकमेकांना मोडीत काढतात. कॅलरी मोजायला दोघांपैकी कुणीच बसवत नाही. ज्याला जे वर्षभर झेपतं, त्याला ते लागू पडतं.

आपल्या स्वयंपाकघरात घोडं कुठे अडतं

ॲपमध्ये 'चपाती' लिहा. एका ठिकाणी ७० कॅलरी दिसतील, दुसरीकडे १२०. दोन्ही बरोबर असू शकतात, कारण चपाती कुणाची, हे ॲपला ठाऊक नसतं. म्हणून पोळी न तोलता उंडा तोलावा. मध्यम घडीच्या पोळीचा उंडा ४५ ग्रॅमचा भरतो. त्यात पाणी वगळता पीठ २८ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ९० कॅलरी. घडीत लावलेलं अर्धा चमचा तेल धरलं की ११०. वरून चमचाभर तूप सोडलं की १५५. तीन पोळ्या खाणाऱ्याच्या ताटात नुसत्या तुपाने सव्वाशेहून जास्त कॅलरींचा फरक पडतो, आणि ॲपच्या यादीत तूप वेगळं टाकायचं बहुतेक जण विसरतात.

भाजीची रीत थोडी वेगळी. कढई रिकामी असताना एकदा तोलून तिचं वजन फ्रिजच्या दारावर लिहून ठेवायचं. समजा ७८० ग्रॅम. फ्लॉवर-बटाट्याची भाजी करताना अर्धा किलो फ्लॉवर, १५० ग्रॅम बटाटा आणि फोडणीला तीन मोठे चमचे, म्हणजे ४० ग्रॅम तेल. फ्लॉवरच्या सव्वाशे, बटाट्याच्या एकशेदहा, तेलाच्या ३६० कॅलरी. एकूण सहाशेला थोड्या कमी. भाजी झाल्यावर कढई काट्यावर १,४२० दाखवते, म्हणजे भाजी ६४० ग्रॅम. तुमच्या वाटीत १२० ग्रॅम आली तर साधारण ११० कॅलरी. यातली खरी बातमी शेवटचा आकडा नाही. 'भाजीच तर खाल्ली' म्हणून जी खाल्ली, तिच्यातल्या साठ टक्के कॅलरी तेलाच्या होत्या, ही आहे. हे गणित दोन-तीनदा स्वतःच्या हाताने केलं की फोडणी घालताना हात आपोआप आखडतो. तो धडा कोणतंही सशुल्क ॲप देत नाही, कारण फोटोत तेल दिसत नाही.

उपासाचं तर विचारूच नका. एक बशी साबुदाण्याच्या खिचडीत ७५ ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम दाण्याचं कूट, एक मोठा चमचा तूप आणि अर्धा बटाटा धरला तर ती ५९० कॅलरींच्या घरात जाते. दोन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण आणि थोडा भात हे सगळं मिळून त्याहून कमी भरतं. एकादशी दुप्पट खाशी म्हणणाऱ्यांकडे काटा नव्हता, तरी अंदाज चुकला नव्हता.

खर्चाची यादी, स्वस्तापासून महागाकडे

कापडी मोजपट्टी तीस-चाळीस रुपयांना मिळते, आणि भारतीय शरीरासाठी ती वजनकाट्याइतकीच महत्त्वाची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून दाखवलं आहे की आपल्याकडे हातापायांनी बारीक दिसणाऱ्या माणसाच्या अंगातही चरबी भरपूर असू शकते. आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की धोका धरतात. काट्यावर आकडा हलला नाही, पण कंबर दोन सेंटिमीटर उतरली, तर प्रगती आहे.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा तीनशे ते सहाशे रुपयांत येतो. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, पाच किलो पेलणारा आणि भांडं ठेवून शून्य करता येणारा घ्या. सोन्यासारखा पॉइंटमध्ये तोलणारा नको. काचेचा चकचकीत काटा दुप्पट पैशाला पडतो, काम तेवढंच करतो. माणसांचा डिजिटल काटा हवा असेल तर सहाशे ते दीड हजार. पायाखालून शरीरातली चरबी सांगणारे महागडे काटे घेण्याची गरज नाही. पाणी कमी-जास्त प्यायलं तरी त्यांचा आकडा बदलतो.

नोंदीसाठी वीस रुपयांची वही चालते. पदार्थांचे आकडे हवेत तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने, म्हणजे एनआयएनने, २०१७ मध्ये ५२८ भारतीय खाद्यपदार्थांचं कोष्टक प्रसिद्ध केलं आहे. तिचीच २०२४ ची आहार मार्गदर्शिका संकेतस्थळावरून फुकट उतरवता येते. फुकट ॲपही आहेत. पण अनेक ॲपमध्ये पदार्थांची माहिती वापरणाऱ्यांनीच भरलेली असते, म्हणून 'मिसळ, १ प्लेट' यावर डोळे मिटून विश्वास टाकू नका. मायफिटनेसपालसारख्या मोठ्या ॲपने पूर्वी फुकट असलेलं बारकोड वाचणं २०२२ मध्ये पैसे भरणाऱ्यांपुरतं केलं. आज फुकट आहे ते उद्या असेलच असं नाही. वहीला ही भीती नाही.

इथपर्यंत हजार रुपयांच्या आत काम भागतं. पुढे सरकलं की आकडे वाढतात.

मनगटावरचं घड्याळ दीड हजारापासून कितीही. पावलं मोजायला ठीक. पण 'आज ४२० कॅलरी जाळल्या' म्हणून संध्याकाळी वडापाव खाऊ नये. स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये अशी सात उपकरणं तपासली. कॅलरींच्या बाबतीत सर्वांत अचूक उपकरण सरासरी २७ टक्के चुकत होतं, सर्वांत वाईट ९३ टक्के.

ॲपवरच्या 'कोच'सह योजना तिमाहीला दोन हजारांपासून दहा-बारा हजारांपर्यंत जातात. इथे एक प्रश्न नक्की विचारा: कोच म्हणजे नेमकं कोण? आहारशास्त्राची पदवी आहे का, की आठवड्याभराचं प्रशिक्षण घेऊन ठरलेले निरोप पाठवणारी व्यक्ती आहे? इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा दिलेल्या आहारतज्ज्ञाला नावापुढे नोंदणीकृत असं लावता येतं. नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका.

समोर बसून बोलणाऱ्या आहारतज्ज्ञाची पुण्या-मुंबईत पहिली भेट पाचशे ते दोन हजार रुपयांना पडते, लहान शहरात त्याहून कमी. सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत हीच सोय नाममात्र केसपेपरवर असते. खर्च होतो तो रांगेतल्या वेळाचा. माझ्या मते पैसे घालायचेच तर इथे घालावेत. ॲपच्या वर्षभराच्या वर्गणीत चांगल्या आहारतज्ज्ञाच्या चार-पाच भेटी बसतात, आणि तुमच्या घरी रात्रीचं जेवण साडेनऊला होतं, सासूबाईंना भात लागतोच, हे ऐकून घेणारं माणूस समोर असतं. एकरकमी पॅकेज मात्र पहिल्याच भेटीत घेऊ नका. आणि पहिल्याच भेटीत डबाबंद पावडर विकायला काढली, तर उठून या.

रक्ततपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर, थायरॉइड आणि कोलेस्टेरॉल या तीन गोष्टी हजार-दीड हजारात होतात. चाळिशी उलटली असेल किंवा वजन कारणाशिवाय वाढलं असेल, तर ॲपच्या आधी या करा. थायरॉइड मंदावलेला असताना नुसत्या कॅलरी मोजत बसलं तर वेळ हकनाक जातो. कॅलरी छापलेले घरपोच डबे वेळेला दीडशे ते तीनशे रुपये घेतात. दोन वेळचे लावले तर महिन्याला नऊ ते अठरा हजार, एका माणसाचे. एकट्याने राहणाऱ्या नोकरदाराला महिनाभर प्रमाण डोळ्यांत बसवायला ठीक आहे, कायमची सवय म्हणून परवडणारं नाही.

बिलात न दिसणारा खर्च

मोजायला रोज दहा-पंधरा मिनिटं लागतात, पहिल्या आठवड्यात जास्तच. ही मिनिटं कुणाची? नवऱ्याने ॲप घ्यायचं आणि बायकोने उंडे तोलायचे, कढईचं वजन घ्यायचं, 'आज तेल किती घातलंस?' याची उत्तरं द्यायची, असं अनेक घरांत होतं. मोजतो तो आणि तोलते ती. सकाळी सहाला तीन डबे भरणाऱ्या बाईवर हे आणखी एक काम टाकण्याआधी विचार करावा. ज्याला वजन उतरवायचं आहे त्याने स्वतः ओट्याशी उभं राहून तोलावं. निदान फोडणी तरी स्वतः घालावी.

म्हणूनच मोजणं कायमचं ठेवू नये. सहा ते आठ आठवडे पुरे. तेवढ्यात घरचे पंधरा-वीस नेहमीचे पदार्थ पाठ होतात, आणि आपण सगळे पुन्हा पुन्हा तेच तर खातो.

किती खायचं, याचा ॲपने दिलेला आकडा प्रमाण मानू नका. एनआयएनच्या २०२० च्या हिशेबात बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला २,११० आणि ५५ किलोच्या स्त्रीला १,६६० कॅलरी लागतात. तुम्ही आता खाता त्यातून तीनशे ते चारशे वजा करून तीन आठवडे चाला आणि काटा काय म्हणतो ते पाहा. रोज चारशे कमी म्हणजे कागदावर महिन्याला दीड किलो, कारण एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी धरतात. प्रत्यक्षात किलोभर उतरलं तरी उत्तम. पहिल्या आठवड्यात झरझर उतरतं ते बरंचसं पाणी असतं, आणि वजन घटत जातं तसं शरीरही खर्च आवरतं. 'महिन्यात आठ किलो' अशी हमी देणारा पैसे घेतो ते त्या पहिल्या आठवड्याच्या जोरावर.

माणूस सोडून डबा मोजा

ज्यांना रोजचं तोलणं नकोच, त्यांच्यासाठी याहून सोपी रीत आहे. महिन्याला घरात तेल किती येतं ते पाहा. चौघांच्या घरात चार लिटर तेल संपत असेल, तर लिटरमागे ९१० ग्रॅम धरून माणशी रोज ३० ग्रॅम तेल होतं, म्हणजे सुमारे २७० कॅलरी. तूप, लोणी आणि बाहेरचं तळण यात आलेलंच नाही. बैठं काम करणाऱ्यांना एनआयएन सगळं धरून वीस-पंचवीस ग्रॅमच्या आसपास राहा म्हणते. चाराचे तीन लिटर केले की प्रत्येकाच्या ताटातून रोज सत्तरेक कॅलरी कमी होतात आणि महिन्याला दीडशे रुपयांच्या आसपास वाचतात. दोन ते चार महिन्यांत स्वयंपाकघरातल्या काट्याचे पैसे निघतात. मात्र तेल घेताना पिशवीवरचे ग्रॅम वाचा. काही पिशव्या दिसायला लिटरच्याच असतात, आत ९१० ऐवजी बरंच कमी तेल असतं. भाव कमी दिसतो तो त्यामुळे.

तसंच चहाचं. दिवसाला तीन कप, प्रत्येकात दोन चमचे साखर आणि सायीच्या दुधाचा हात सैल, म्हणजे २८० च्या आसपास कॅलरी. साखर निम्मी आणि दूध टोन्ड केलं की १७० वर येतात. बिस्किटं वेगळी, त्यांच्या शंभर ग्रॅमात साडेचारशेच्या पुढे असतात, आणि पुड्यावर 'प्रति सर्व्हिंग' म्हणून दिलेला आकडा दोन-तीन बिस्किटांचा असतो, पुड्याचा नव्हे. दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांना २०२२ पासून मेनूवर कॅलरी छापाव्या लागतात, तेव्हा मॉलमध्ये ऑर्डर देण्याआधी त्या वाचायला हरकत नाही. कोपऱ्यावरच्या मिसळवाल्याला हा नियम लागू नाही. तिथे कट कमी मागायचा.

कुणी या वाटेला जाऊ नये

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढत्या वयाची मुलं-मुली, मूत्रपिंडाचा विकार असलेले यांनी डॉक्टरांशिवाय कॅलरी कमी करू नयेत. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असताना जेवण अचानक घटवलं तर साखर धोकादायक पातळीला उतरू शकते. औषधाचा डोस आधी बदलून घ्यावा लागतो. दिवसाला १,२०० च्या खाली जायला सांगणारा आराखडा कुणाही व्हॉट्सॲप गटावरून घेऊ नये. आणि एखादी व्यक्ती, विशेषतः तरुण मुलगी, प्रत्येक घासाचा आकडा लिहीत असेल, लिहिता आलं नाही तर जेवण टाळत असेल, तर ॲप काढून टाका आणि मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. तिथे वजन हा प्रश्न राहिलेला नसतो.

वर्गणीत अडकलात तर

'फुकट चाचणी' घेताना कार्ड किंवा यूपीआयची कायमची परवानगी मागतात. द्यावीच लागली तर चाचणी संपण्याच्या दोन दिवस आधीचा गजर लावा. ॲप मोबाइलवरून काढून टाकलं म्हणजे वर्गणी बंद होत नाही, हे अनेकांना पैसे कापले गेल्यावर कळतं. यूपीआय ॲपमधल्या 'ऑटोपे' या भागात जाऊन परवानगी तिथूनच रद्द करायची. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी, तेव्हा बँकेचे एसएमएस न वाचता पुसू नका. वर्गणी घ्यायला एक बटण आणि सोडायला दहा पायऱ्या, या प्रकाराला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी फसव्या रचनांमध्ये धरलं आहे. पैसे परत द्यायला टाळाटाळ झाली तर पावती, योजनेचं चित्र आणि कोचशी झालेला संवाद जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. फोन फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.